पहिल्या चौदा आठवड्यांतली सोनोग्राफी: पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघत स्कॅन कसा करावा

सोनोग्राफीच्या पडद्यावर, बहुतेक यंत्रांत वरच्या बाजूला एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. एकापुढे टीआय (थर्मल इंडेक्स, उष्णतेचा अंदाज) लिहिलेलं असतं, दुसऱ्यापुढे एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, ध्वनीच्या दाबाचा अंदाज). टीआयच्या शेवटी एस, बी किंवा सी यांपैकी एक अक्षर असतं. सात आठवड्यांच्या गर्भावर या क्षणी आपण किती ऊर्जा सोडतो आहोत, याचा डॉक्टरच्या हाती असलेला अंदाज एवढाच. २००७ साली अमेरिकेत सोनोग्राफी करणाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पाचांतल्या जवळपास चौघांना हे आकडे पडद्यावर कुठे असतात हेच सांगता आलं नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हा लेख मुख्यतः नव्याने प्रोब (ध्वनी सोडणारं, अंगाला लावायचं उपकरण) हातात घेणाऱ्या स्त्रीरोग आणि रेडिओलॉजीच्या डॉक्टरांसाठी आहे. शेवटचा भाग दिवस गेलेल्या बाईसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी. सगळे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत.

मर्यादा सांभाळायचं काम आता डॉक्टरचं आहे

१९९२ पूर्वी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भाच्या स्कॅनसाठी ध्वनीच्या तीव्रतेला मर्यादा घातलेली होती, दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॉट. यंत्र त्यापुढे जाणार नाही ही जबाबदारी बनवणाऱ्याची. १९९२ नंतर ही मर्यादा ७२० पर्यंत नेता येऊ लागली, म्हणजे साडेसात पटीहूनही जास्त. अट अशी की यंत्राने टीआय आणि एमआय पडद्यावर दाखवावेत, म्हणजे चालवणारा स्वतः बघून ठरवेल. चित्र त्यामुळे खूप सुधारलं, आठ आठवड्यांच्या गर्भाचे हातपाय दिसायला लागले. पण यंत्राच्या आत असलेला लगाम बाहेर आला आणि तो आपल्या हाती दिला गेला. ज्याने तो आकडा कधी बघितलाच नाही, त्याच्या स्कॅनला लगामच नाही.

टीआय म्हणजे यंत्र सोडत असलेली शक्ती भागिले त्या परिस्थितीत ऊतीचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी शक्ती. टीआय २ दिसला म्हणजे गर्भ नेमका २ अंशांनी तापला असं नव्हे. प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी असू शकते, काही वेळा जास्तही. तो दिशा दाखवणारा आकडा आहे, थर्मामीटर नव्हे. शिवाय त्यात वेळ धरलेला नाही. एक सेकंद आणि वीस मिनिटं, दोन्हींना तो तोच आकडा दाखवेल, म्हणून घड्याळाकडे आपणच बघायचं.

एमआयचं थोडक्यात सांगतो. ध्वनिलहरीतला सर्वांत मोठा ऋण दाब मेगापास्कलमध्ये घ्यायचा आणि मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेच्या वर्गमुळाने भागायचं. ७.५ मेगाहर्ट्झचा प्रोब आणि २ मेगापास्कल दाब असेल तर एमआय ०.७३ येतो. ऊतीत वायूचे बुडबुडे असतील तर ते फुगून फुटण्याचा धोका या आकड्यावरून कळतो. गर्भाच्या फुप्फुसांत आणि आतड्यांत हवा नसते, त्यामुळे सुरुवातीच्या गरोदरपणात खरी काळजी टीआयची. मात्र सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून देऊन गर्भाचा स्कॅन करायचा नाही, कारण मग आपणच आत वायू सोडलेला असतो.

उष्णता आणि तेही याच आठवड्यांत का

ध्वनीची ऊर्जा ऊतीत शोषली गेली की तिची उष्णता होते. मोठ्या माणसाच्या शरीरात वाहतं रक्त ती लगेच वाहून नेतं. सहा-सात आठवड्यांच्या गर्भात रक्ताभिसरण नुकतंच सुरू झालेलं असतं आणि वारेतलं आईचं अभिसरणही दहा-बारा आठवड्यांपर्यंत पुरतं बसलेलं नसतं, त्यामुळे तिथे निचरा कमी. याच काळात अवयव घडत असतात. मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी) गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांनी, म्हणजे पाळीपासून सहा आठवड्यांच्या सुमाराला बंद होते. विभाजन पावणाऱ्या पेशींना तापमानवाढ सोसत नाही, हे प्राण्यांवरच्या अभ्यासांतून पक्कं ठाऊक आहे.

किती वाढ चालते? जागतिक अल्ट्रासाउंड महासंघाने दोन खुणा घालून दिल्या आहेत. नेहमीच्या ३७ अंशांपेक्षा १.५ अंशापर्यंतची वाढ असेल तर उष्णतेच्या कारणाने स्कॅनला हरकत नाही. गर्भाचं तापमान ४१ अंशांवर जाऊन ५ मिनिटं किंवा जास्त राहिलं तर ते घातक ठरू शकतं. साधा बी-मोड (नेहमीचं काळं-पांढरं चित्र) स्कॅन या दुसऱ्या खुणेच्या जवळपासही जात नाही. पण पल्स्ड डॉपलरमध्ये (एका जागच्या रक्ताचा वेग मोजणारी पद्धत) किरण एकाच जागी रोखलेला असतो, स्पंद लांब असतात आणि दर सेकंदाला हजारोंनी सुटतात. सगळी ऊर्जा एका रेषेत ओतली जाते. बी-मोड, एम-मोड (एका रेषेवरची हालचाल लाटांत दाखवणारा), कलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉपलर), पल्स्ड या क्रमाने उष्णतेची शक्यता वाढत जाते.

आईला ताप असेल तर हिशेब बदलतो. तिचं अंग ३९ अंशांवर असेल तर गर्भाच्या वाट्याची १.५ अंशाची सवलत आधीच संपलेली आहे. कारण तातडीचं नसेल तर ताप उतरल्यावर बोलवा. तातडीचं असेल तर बी-मोडवर उरका आणि डॉपलरला हातही लावू नका.

प्रोब ठेवण्याआधी

पहिली गोष्ट कारण. महाराष्ट्रात, खरं तर भारतभर, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात स्कॅनचं कारण लिहावं लागतं. कायदा गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. पण त्यातली ही एक ओळ गर्भाच्या जैविक सुरक्षेचीही पहिली पायरी आहे. गर्भ पिशवीत आहे की नळीत, ठोके आहेत का, किती आठवडे झाले, एक की जुळी आणि जुळ्यांच्या वारा किती, रक्तस्राव कशाने: ही खरी कारणं. ती स्कॅननंतर सवयीने टिकमार्क करण्यापेक्षा स्कॅनआधी लिहा. उत्तर कशाचं शोधायचं हे माहीत असलं की ते मिळताक्षणी प्रोब उचलता येतो.

मग पाळीची तारीख विचारा, आधीचे रिपोर्ट बघा, ताप आहे का विचारा. आतून (योनिमार्गे) स्कॅन करायचा असेल तर लघवी करून यायला सांगा. पोटावरून करायचा असेल तर मूत्राशय बेताचंच भरलेलं हवं. तुडुंब भरलेल्या मूत्राशयाचा एक तोटा पुढे येणार आहे.

यंत्र लावून घेणं

प्रीसेट (यंत्रात आधीच साठवलेली सेटिंग) गरोदरपणाचा निवडा, आणि सुरुवातीच्या आठवड्यांसाठी वेगळा प्रीसेट असेल तर तोच. पोटाच्या, रक्तवाहिन्यांच्या किंवा हृदयाच्या प्रीसेटमध्ये मुळातली पॉवर जास्त ठेवलेली असते. आधीच्या पेशंटची यकृताची सोनोग्राफी झाली असेल आणि घाईत प्रीसेट तोच राहिला, तर सात आठवड्यांच्या गर्भावर यकृताची पॉवर पडते. ही चूक दिवसभराच्या गर्दीत सर्वांत जास्त होते.

कोपऱ्यात टीआयएस दिसतो का बघा. दहा आठवड्यांपर्यंत टीआयएस, म्हणजे मऊ ऊतीचा आकडा. दहा आठवड्यांनंतर हाडं घट्ट व्हायला लागतात आणि हाड ध्वनी जास्त शोषतं, म्हणून तिथून पुढे टीआयबी. टीआयसी हा प्रोबला अगदी लागून असलेल्या हाडासाठीचा, मुख्यतः कवटीवरून केलेल्या स्कॅनचा आकडा आहे, इथे त्याचं काम नाही. कोणता दाखवायचा हे सेटिंगमध्ये बदलता येतं. काही यंत्रं ०.४ पेक्षा कमी टीआय दाखवतच नाहीत, कोपरा रिकामा दिसला तर घाबरू नका.

आता पॉवर. याला कुठे अकॉस्टिक पॉवर म्हणतात, कुठे आउटपुट, कुठे नुसतं टीएक्स. बहुतेक यंत्रांवर टक्क्यांत किंवा डेसिबलमध्ये असतं. पॉवर आणि गेन यांत गोंधळ करू नका, कारण चित्र दोन्हींनी उजळतं. गेन म्हणजे परत आलेला आवाज मोठा करून ऐकणं. पॉवर म्हणजे आपणच मोठ्याने ओरडणं. गेन कितीही वाढवला तरी गर्भाला काही फरक पडत नाही. चित्र काळपट दिसलं की आधी गेन वाढवा, खोलीनुसार गेन सरकवा, फोकस गर्भाच्या पातळीवर आणा, खोली कमी-जास्त करून बघा, प्रोबचा कोन बदला. एवढ्याने भागलं नाही तरच पॉवर, तीही एक-एक पायरी. स्कॅनची सुरुवात पॉवर खाली ठेवूनच करायची. शंभर टक्क्यांवरून सुरू करून नंतर कमी करू म्हणणारा नंतर विसरतो.

ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीने गरोदरपणासाठी टीआय आणि वेळ यांचं गणित घालून दिलं आहे. ते यंत्राशेजारी कागदावर लिहून चिकटवण्याजोगं आहे. टीआय ०.७ पर्यंत असेल तर मिनिटांची मर्यादा नाही, तरी गरजेपुरताच स्कॅन. ०.७ ते १.० असेल तर ६० मिनिटांपर्यंत, १.० ते १.५ ला ३०, १.५ ते २.० ला १५, २.० ते २.५ ला ४ मिनिटं, २.५ ते ३.० ला १ मिनिट. ३.० च्या वर गर्भाचा स्कॅन करूच नये. सुरुवातीच्या आठवड्यांत आपण ०.७ हीच रेघ मानावी. चांगल्या यंत्रावर बी-मोडमध्ये त्याखाली राहायला कष्ट पडत नाहीत.

स्कॅन करताना

पडदा जिवंत ठेवून मापं घेत बसू नका. चित्र मिळालं की फ्रीझ दाबा, सिने लूप (नुकत्याच साठलेल्या फ्रेम) मागे फिरवा, त्यातली सर्वांत चांगली फ्रेम काढा आणि सीआरएल (गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) तिच्यावर मोजा. तीन वेळा मोजायचं असेल तर तीन फ्रेम साठवून ठेवा. फ्रीझ केलं की प्रोब ध्वनी सोडायचा थांबतो, म्हणून नातेवाइकांना समजावणं, विद्यार्थ्याला दाखवणं, फोन घेणं, हे सगळं फ्रीझ केल्यानंतर. आतून स्कॅन करताना तर हे कटाक्षाने पाळा. प्रोब गर्भापासून काही सेंटिमीटरवरच असतो आणि त्याचं तोंड स्वतःही तापतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शरीराला लागलेल्या प्रोबचं तोंड ४३ अंशांच्या वर जाता कामा नये, पण ही ऊब टीआयच्या आकड्यात धरलेलीच नसते.

पाचव्या आठवड्यात आतून स्कॅन केला तर सॅक (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) दिसते, साडेपाचच्या सुमाराला योक सॅक (तिच्यातली गर्भाला पोसणारी छोटी पिशवी), सहाव्यात गर्भ आणि ठोके. त्याआधी ठोके शोधत बसण्यात अर्थ नाही. सीआरएल ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा सॅकचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ नसेल, तर गर्भ वाढत नाही असं म्हणता येतं. त्याहून कमी मापांना उत्तर एकच: किमान ७ दिवसांनी पुन्हा. याच जागी हात डॉपलरकडे जातो. ५ मिलिमीटरचा गर्भ आहे, लुकलुक दिसत नाही, मग कलर लावून बघू, पल्स्ड लावून बघू. त्याने निदान पुढे सरकत नाही, कारण निकष बी-मोडवर आणि एम-मोडवर बसवलेले आहेत. आणि गर्भ जिवंत असेल तर सर्वांत नाजूक आठवड्यात सर्वांत जास्त ऊर्जा त्याच्यावर पडते.

ठोके मोजायचे एम-मोडने. समजा सहा आठवडे तीन दिवस झालेत, आतून स्कॅन चालू आहे, सीआरएल ६ मिलिमीटर. चित्र मोठं करा, पण आधी नुसता बी-मोड स्थिर धरून डोळ्यांनी बघा. योक सॅकला लागून तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ दिसेल आणि त्याच्या मध्यात राखाडी ठिपका थरथरत असेल. आता एम-मोडचं बटण दाबा, पडद्यावर येणारी तुटक रेघ त्या थरथरीवरून न्या, पेशंटला क्षणभर श्वास धरायला सांगा. खालच्या पट्टीत लहान लहान लाटा उमटतील. चार-पाच लाटा आल्या की फ्रीझ. एका लाटेच्या टोकापासून पुढच्या लाटेच्या त्याच टोकापर्यंत कॅलिपर लावा. ०.५२ सेकंद आले तर ६० भागिले ०.५२, म्हणजे मिनिटाला ११५. यंत्र दोन ठोके धरून मोजत असेल तर सेटिंग तपासा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. सहाव्या आठवड्यात ठोके साधारण ११०च्या आसपास असतात, नवव्यापर्यंत १७०च्या घरात जातात, मग हळूहळू उतरतात. या सगळ्याला जिवंत ध्वनीची काही सेकंदं पुरतात.

ठोके ऐकवायचे नाहीत, दाखवायचे. हे नव्या डॉक्टरला जड जातं, कारण जोडपं त्याचसाठी आलेलं असतं आणि शेजारच्या सेंटरवर ऐकवतात हेही त्यांनी ऐकलेलं असतं. ऐकू येणारा तो ठकठक आवाज पल्स्ड डॉपलरचा असतो. पडदा त्यांच्याकडे वळवा आणि सांगा, "ताई, हे लुकलुकतंय ना, ते बाळाचं हृदय. आणि या लाटा त्याच्या ठोक्यांच्या. आवाज पुढच्या महिन्यांत ऐकू, आत्ता बाळ फार लहान आहे." लाटांचा फोटो द्या. तेवढ्याने समाधान होतं.

अकरा ते तेरा आठवडे सहा दिवस, म्हणजे सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजणारा). आता टीआयबीकडे बघायचं. इथे स्कॅनला वेळ लागतो, कारण बाळ हवं तसं वळत नाही. दहा मिनिटं प्रोब दाबून वाट बघण्यापेक्षा पेशंटला उठवा, फिरून यायला सांगा, कुशीवर वळवा. बाळ फिरायला जो वेळ लागेल तो प्रोबविना जाऊ द्या.

डॉपलर लावायचाच असेल तर

डॉपलर वर्ज्य नाही, नेहमीचा नाही एवढंच. नळीतल्या गर्भाचा संशय असताना बीजकोशाजवळच्या गाठीभोवती कलर, सिझेरियनच्या व्रणात गर्भ रुजल्याचा संशय, गर्भपातानंतर आत राहिलेला भाग, यांत कलरचा उपयोग होतो आणि आईच्या जिवाचा प्रश्न असतो. एनटी स्कॅनमध्ये गर्भाशयाच्या धमन्या बघताना किरण आईच्या धमनीवर असतो. बाळ त्याच्या वाटेत नाही ना एवढं पाहिलं की काळजी नाही.

बाळावरच पल्स्ड डॉपलर लागतो तो डक्टस व्हीनोसस (नाळेतलं रक्त हृदयाकडे नेणारी बारीक वाहिनी) किंवा हृदयाच्या तीन पडद्यांच्या झडपेसाठी. तो प्रत्येकीला नव्हे, धोक्याचा अंदाज अचूक करायची गरज असेल तेव्हाच. क्रम असा ठेवा. आधी बी-मोडवर उभा मध्यछेद पक्का करा. पॉवर उतरवा. कलर लावून वाहिनी ओळखा. डक्टससाठी गेट (वेग मोजायची खिडकी) ०.५ ते १ मिलिमीटर, कोन ३० अंशांच्या आत, स्वीपचा वेग जास्त. पल्स्ड सुरू करताच नजर कोपऱ्यावर. आकडा ०.७ च्या वर उडाला तर लगेच पल्स्ड बंद करून पॉवर आणखी खाली आणि पुन्हा. चार-पाच लाटा मिळाल्या की फ्रीझ. चित्र, कलर आणि पल्स्ड तिन्ही एकाच वेळी चालू ठेवायचं काम नाही. तीन प्रयत्नांत लाटा मिळाल्या नाहीत तर सोडून द्या. एकूण डॉपलर पाच-दहा मिनिटांच्या आत संपला पाहिजे, आणि हात बसलेला असेल तर खरं काम मिनिटभराचंच असतं. तो हात दुसऱ्या तिमाहीच्या पेशंटवर बसवा, बारा आठवड्यांच्या बाळावर सराव नको. नवं यंत्र विकायला आलेल्या माणसाने डेमोसाठी दिवस गेलेली बाई मागितली तर सरळ नाही म्हणा.

आकडा कुठे फसवतो

टीआय काढताना यंत्र असं धरून चालतं की वाटेत सगळीकडे ऊती आहेत आणि त्या दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला ०.३ डेसिबल ध्वनी गिळतात. मूत्र जवळपास काहीच गिळत नाही. तुडुंब मूत्राशयातून बघितलं की गर्भापर्यंत जास्त शक्ती पोचते आणि टीआय खरा धोका कमी दाखवतो. दुप्पट फरक सहज पडू शकतो. अशा वेळी ०.७ ऐवजी ०.४ ची रेघ धरा, किंवा लघवी करून यायला सांगून आतून बघा.

कलरचा चौकोन लहान केला की चित्र झरझर येतं, म्हणून सगळे तो लहान करतात. पण चौकोन अरुंद आणि उथळ झाला की तेच किरण त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पडतात आणि टीआय चढतो. अरुंद सेक्टर, प्रक्रियेआधीचं झूम, जास्त पीआरएफ (दर सेकंदाला सुटणारे स्पंद) यांचंही तेच. हार्मोनिक (परतीच्या ध्वनीतल्या दुप्पट वारंवारितेवरून चित्र) लावलं की बऱ्याच यंत्रांत एमआय वर जातो. यांतलं काहीही बदललं की पुन्हा कोपऱ्यात बघा. एकदा पाहिलेला आकडा पुढच्या बटणापर्यंतच खरा असतो.

बारा आठवड्यांना टीआयएस चालू राहिला तर आकडा कमी दिसेल, कारण हाडाचा हिशेब त्यात नाही. आणि 'नवा पेशंट' दाबलं की बहुतेक यंत्रांत आपण उतरवलेली पॉवर पुन्हा मूळ जागी जाते. उपाय सोपा आहे. कमी पॉवरचा स्वतःचा प्रीसेट बनवून 'सुरुवातीचे आठवडे' अशा नावाने साठवून ठेवा. एका दुपारचं काम आहे, पुढची सगळी वर्षं उपयोगी पडतं.

अभ्यास काय सांगतात

ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी १९५८ मध्ये पोटाची ध्वनिचित्रं प्रसिद्ध केली, तेव्हापासून सहा दशकांहून अधिक काळ कोट्यवधी गर्भांचे स्कॅन झाले. त्यातून मुलांच्या वाढीला, बुद्धीला किंवा कर्करोगाच्या शक्यतेला ठाम अपाय दिसलेला नाही. नॉर्वेतल्या चाचण्यांच्या पाठपुराव्यात, १९९३ मध्ये, स्कॅन झालेल्या मुलांत डावखुरेपणाकडे किंचित कल दिसला. वाचन-लेखनातला दोष मात्र दिसला नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला पाच वेळा डॉपलरसह स्कॅन झालेल्या बाळांची वजनं थोडी कमी भरली होती, आणि २००४ च्या पाठपुराव्यात तो फरक उरला नव्हता. येल विद्यापीठातल्या पास्को राकिच यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की गाभण उंदरांना ३० मिनिटं किंवा जास्त वेळ ध्वनी दिला तर पिल्लांच्या मेंदूतल्या थोड्या पेशी नेमलेल्या जागी पोचत नाहीत. उंदराच्या गर्भाचा मेंदू एवढासा की सगळाच किरणात सापडतो आणि ३० मिनिटं एका जागी प्रोब धरून स्कॅन कुणी करत नाही. ते जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही, पण वेळ कमी ठेवण्याचं कारण त्यात आहे.

या दिलाशात एक उणीव आहे. मोठे अभ्यास बहुतांशी १९९२ पूर्वीच्या, कमी पॉवरच्या यंत्रांवरचे आहेत आणि त्यांतले स्कॅनही बरेचसे अठरा आठवड्यांनंतरचे. सात आठवड्यांच्या गर्भावर आजच्या यंत्राचा पल्स्ड डॉपलर, याबद्दल माणसांतला तसा पुरावा हाती नाही. म्हणून बी-मोडबद्दल निर्धास्त आणि डॉपलरबद्दल सावध, ही आमची भूमिका आहे.

दिवस गेलेल्या ताईंसाठी आणि घरच्यांसाठी

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. रेडिएशन साठत जातं, जास्त सोनोग्राफी झाल्या तर बाळाला लागतं, हे खरं नाही. कारण असताना डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी टाळू नका. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, डाग दिसतोय, तर त्याच दिवशी स्कॅन करून घ्या. गर्भ नळीत असेल आणि नळी फुटली तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. त्यापुढे सोनोग्राफीची भीती काहीच नाही.

सगळं सुरळीत असेल तर सुरुवातीला तारीख ठरवणारा एक स्कॅन आणि अकरा ते चौदा आठवड्यांमधला एनटी स्कॅन, एवढ्याने बहुतेकींचं भागतं. नुसतं बघायचं आहे, सासूबाईंना दाखवायचं आहे, मोबाइलवर व्हिडिओ हवा आहे, एवढ्यासाठी स्कॅन मागू नका. घरी ठोके ऐकायचं यंत्र मागवू नका. पहिल्या तीन महिन्यांत त्यात बाळाचे ठोके बहुधा सापडत नाहीत आणि उगाच जीव टांगणीला लागतो. नंतरच्या महिन्यांत आईचीच नाडी बाळाची समजून लोक निश्चिंत राहतात, आणि हे जास्त वाईट.

डॉक्टरांनी ठोके ऐकवले नाहीत, पटकन प्रोब उचलला, चित्र थांबवून बोलले, तर त्यांनी घाई केली असं समजू नका. ताप असेल तर आत जाण्याआधीच सांगा. पाळीची तारीख लिहून न्या आणि आधीचे सगळे रिपोर्ट फोटोंसकट फाइलमध्ये लावून न्या. पहिल्या स्कॅनमधल्या सीआरएलवरून तारीख एकदा ठरली की पुढच्या ठिकाणी ती पुन्हा काढावी लागत नाही आणि तेवढ्यासाठी होणारा एक स्कॅन वाचतो.